सप्टेंबरअखेरची रशियातली नदी-क्रूझ: किझी बेटाचा एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: गणपती आटोपले की सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन रशियातल्या मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग नदी-क्रूझला जायचं मनात आहे. एजंट म्हणतो, जून-जुलै सोडून जाऊ नका, थंडी फार, दिवसभर जहाजात बसून कंटाळाल. खरंच तसं आहे का? आणि तिथला एखादा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत जातो तरी कसा?

पुण्यातून निघणारे गट घेऊन मी टूर लीडर म्हणून या मार्गावर बरीच वर्षं जात आलो आहे, जूनच्या न संपणाऱ्या उजेडातही आणि सप्टेंबरच्या वाऱ्यातही. माझं मत स्पष्ट आहे. आई-वडिलांना दोन-अडीच किलोमीटर सावकाश चालता येत असेल, थंडीचे कपडे नीट घेतले असतील आणि एखादा थांबा हुकला तरी चालेल अशी मनाची तयारी असेल, तर शरदातच न्या. फक्त एक गोष्ट घरूनच ठरवून निघा. जूनमधली मंडळी ही क्रूझ थांब्यांसाठी करतात: उतरायचं, चर्च बघायचं, फोटो काढायचे, परत यायचं. शरदात या प्रवासाचा जीव जहाज चालू असतानाच्या तासांत असतो. ते तास केबिनमध्ये पत्ते कुटण्यात आणि लोळण्यात घालवले, तर एजंटचं म्हणणं खरं ठरेल.

दिवसाकडे वळण्याआधी दिशेबद्दल सांगतो, कारण हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही. हीच क्रूझ दोन्ही बाजूंनी चालते. शरदात सेंट पीटर्सबर्गहून मॉस्कोकडे येणारी घ्या. कॅरेलियात, म्हणजे उत्तरेकडे, बर्च आणि अ‍ॅस्पनची झाडं सप्टेंबरच्या मध्याला रंग धरतात आणि महिनाअखेरीला वाऱ्याने झडायला लागतात. उग्लिच, मॉस्कोच्या बाजूला तोच रंग आठ-दहा दिवस उशिरा चढतो. उत्तरेहून दक्षिणेला येताना रंग तुमच्याबरोबर खाली सरकतो. उलट दिशेने गेलात तर हिरव्यातून निघून निष्पर्ण झाडांत जाऊन पोचाल. तुमच्या तारखांना कॅरेलियातला रंग ओसरायला लागलेला असेल हे खरं, पण पुढचे चार-पाच दिवस ऐन भरातले मिळतील. चार-आठ दिवस आधी निघता आलं तर उत्तमच. गणपतीच्या तारखा काही आपल्या हातात नसतात, त्यामुळे त्यावर फार जीव जाळू नका.

आता दिवस. या मार्गावरचा एकच दिवस निवडायचा तर मी किझीचा निवडतो, कारण त्यात सरोवर, बेट, लॉक (दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला हौद, ज्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेतात) असं सगळं एका दिवसात येतं. जहाजाजहाजाप्रमाणे वेळापत्रक थोडं बदलतं, पण सेंट पीटर्सबर्गहून निघालेली जहाजं साधारण अशी जातात: पहिल्या रात्री नेवा नदीतून लाडोगा सरोवर, दुसऱ्या दिवशी स्विर नदी, त्या रात्री स्विरमधून वर ओनेगा सरोवरात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किझी.

त्या दिवशी पहाटे उठा. सप्टेंबरअखेरीला तिथं सूर्य साडेसहाच्या पुढेमागे उगवतो आणि संध्याकाळी साधारण त्याच सुमारास मावळतो. आपल्याकडे या दिवसांत दिवस रोज मिनिटभराने लहान होतो; किझीच्या अक्षांशावर, म्हणजे ६२ अंश उत्तरेला, तो रोज जवळजवळ सहा मिनिटांनी आखडतो. आठवड्याच्या प्रवासात अर्धा-पाऊण तास उजेड डोळ्यांदेखत कमी होतो. पण त्याचा फायदाही मोठा आहे. सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून २५-३० अंशांच्या वर जात नाही. जो तिरपा, मधासारख्या रंगाचा उजेड आपल्याकडे संध्याकाळी जेमतेम अर्धा तास मिळतो, तो इथे ढग नसतील तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो. जूनमध्ये हे मिळत नाही. पिवळ्या झाडांवर तो उजेड पडतो तेव्हा काठच्या काठ उजळलेला दिसतो, आणि हे मी जाहिरातीच्या थाटात सांगत नाहीये.

सहा वाजता वरच्या डेकवर गेलात तर बहुतेक वेळा धुकं असतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून कोमट असतं आणि रात्रीची हवा तीन-चार अंशांवर आलेली असते, म्हणून पाण्यावरून वाफ निघते. धुकं दाट असेल तर जहाज वेग कमी करतं, मधूनमधून भोंगा देतं; नदीत तर कधी नांगर टाकून थांबतंही. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण मग किझीला पोचायला उशीर होतो आणि जेवणाच्या वेळा पुढे-मागे होतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी म्हणून खिशात बिस्किटं, चिक्की काहीतरी ठेवावंच.

ओनेगा हे लाडोगाच्या खालोखाल युरोपातलं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर, जवळजवळ १० हजार चौरस किलोमीटरचं. मध्यावर असताना काठ दिसतच नाही. उत्तरेला किझीच्या आसपास मात्र लहान-मोठ्या बेटांची दाटी होते. त्या बेटांमधून जहाज हळू जातं आणि वाट वळते तसं काही किलोमीटर अंतरावरूनच पाण्याच्या रेषेवर लाकडी घुमटांचा एक पुंजका दिसायला लागतो. हा तासभर नाश्त्यासाठी गमावू नका. नाश्ता साधारण साडेसात ते नऊ चालू असतो. आई-वडिलांना आधी चहा पाजून वर आणा, नाश्ता नंतर करा. प्रत्येक डेकवर उकळत्या पाण्याचा मोठा बॉयलर चोवीस तास चालू असतो, त्यामुळे चहाची सोय कधीही होते. स्वतःची इलेक्ट्रिक किटली किंवा पाणी तापवायची कॉइल केबिनमध्ये लावू नका. जहाजावर आगीच्या भीतीने त्याला सक्त मनाई असते आणि ती योग्यच आहे.

किझीवर साधारण तीन तास मिळतात. धक्क्यावरून फळ्यांची पायवाट आणि खडीचा रस्ता जातो. सकाळी दव किंवा पाऊस पडून गेला असेल तर फळ्या निसरड्या होतात, म्हणून पकड असलेले बूटच घाला. चपला आणि गुळगुळीत तळाचे स्पोर्ट्स शूज जहाजावर ठेवा. बेटावर विषारी साप आहेत, तशा पाट्याही दिसतील. फोटोसाठी गवतात उतरायचं नाही, वाट सोडायची नाही, एवढं पाळलं की पुरे.

तिथलं मुख्य चर्च १७१४ साली बांधलेलं, पूर्ण लाकडी, ३७ मीटर उंच आणि २२ घुमटांचं. शेजारी १७६४ चं दुसरं, लहान चर्च आणि मध्ये १८६२ चा घंटाघराचा मनोरा. १९९० मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. शरदात जाणाऱ्याला या दोन चर्चचं नातं जास्त नीट कळतं असं मला वाटतं. मोठं चर्च उन्हाळ्याचं, आत ऊब देणारी काहीच सोय नसलेलं. लहान चर्च हिवाळ्याचं. थंडी पडायला लागली की पूर्वी उपासना लहान चर्चमध्ये हलायची आणि ईस्टरनंतर पुन्हा मोठ्यात यायची. जुलैमध्ये गाईड हे सांगतो तेव्हा लोक मान डोलावतात. सप्टेंबरअखेरीला मोठ्या चर्चमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की कारण अंगालाच कळतं.

घुमटांकडे मात्र सावकाश बघा. ते अ‍ॅस्पनच्या लाकडाच्या छोट्या छोट्या पट्ट्यांनी शाकारलेले आहेत, सगळ्या मिळून सुमारे ३० हजार. एकेक पट्टी जेमतेम हातभर लांब, किंचित वाकवलेली, आणि खालचं टोक पायरीपायरीने कापून निमुळतं केलेलं. पावसाचं पाणी एका पट्टीच्या टोकावरून दुसरीच्या पाठीवर पडत पडत खाली उतरावं यासाठी तो आकार. नवी पट्टी पिवळसर असते, काही वर्षांत ऊन-पावसाने ती राखाडी आणि मग चांदीसारखी होते. ओली झाली की काळवंडते, ढग हटून ऊन आलं की पुन्हा लखलखते. शरदात आभाळ तासाला तीनदा बदलतं, त्यामुळे एकाच फेरीत हे घुमट दोन-तीन रंगांत पाहायला मिळतात. मी गटाला एक फेरी गाईडबरोबर आणि दुसरी बिनबोलता करायला लावतो.

‘एकही खिळा न वापरता बांधलेलं चर्च’ असं सगळीकडे सांगितलं जातं. ओंडके एकमेकांत अडकवून भिंती उभ्या केल्यात, तिथे खिळे नाहीत हे बरोबर. या घुमटांवरच्या पट्ट्या मात्र खिळ्यांनीच ठोकलेल्या असतात. दुरुस्तीची हकीकत याहून भारी आहे. ओंडके कुजून इमारत कलायला लागली, तेव्हा १९८० च्या दशकात आतून पोलादी सांगाडा घालून ती सावरली. पुढे संपूर्ण चर्चचे सात थर मानून वरचे थर जॅकने उचलून धरले आणि खालचा एकेक थर सोडवून, खराब ओंडके बदलून परत बसवला. म्हणजे इमारत वरून मोडायची नाही, खालूनच दुरुस्त करत यायची. हे काम २०२० मध्ये पुरं झालं. वडील इंजिनिअर असतील तर गाईडला यावर प्रश्न विचारायला सांगा, गाईडचा चेहराच खुलतो.

वेळ उरला तर ओशेवनेव यांचं १८७६ चं घर बघा. माणसं आणि जनावरं, चारा, होड्या, सगळं एकाच मोठ्या छपराखाली, कारण हिवाळ्यात बाहेर पडायलाच लागू नये. कॅरेलियात राईच्या पिठाच्या पारीत उकडलेला बटाटा किंवा धान्याचं सारण भरून भाजलेल्या छोट्या उघड्या वड्या मिळतात, त्यांना कलित्का म्हणतात. शाकाहारी लोकांना त्या चालतात. वरून अंडं लावलंय का तेवढं विचारून घ्या.

साधारण दुपारच्या जेवणाच्या वेळी जहाज सुटतं आणि इथून या दिवसाचा दुसरा भाग सुरू होतो, जो कार्यक्रमपत्रिकेत फक्त ‘ओनेगा सरोवरातून प्रवास’ अशा एका ओळीत संपवलेला असतो. दक्षिणेला व्हितेग्रा नदीच्या मुखापर्यंत सहा-सात तास, कधी त्याहून जास्त लागतात. जहाजावर या वेळात रशियन भाषेचा वर्ग, लाकडी बाहुल्या रंगवणं, समोवारचा चहा, कॅप्टनच्या केबिनला भेट असं काही ना काही असतं. एखादं जरूर करा. पण त्यातले दोन तास डेकवर द्या. वाऱ्याच्या आडोशाची बाजू शोधा, ती जहाजाची दिशा बदलली की बदलते. आईच्या पायांवर केबिनमधली शाल टाका आणि दोघांना तिथे बसवा. पहिला अर्धा तास नुसतं पाणीच दिसतं. मग डोळा सरावतो. दूरच्या किनाऱ्यावरचा पिवळा पट्टा, त्यामागचा पाइन आणि स्प्रूसचा काळपट हिरवा, पाण्याचा शिसवी रंग, दक्षिणेकडे निघालेले हंस-बदकांचे थवे असं एकेक दिसायला लागतं. माझ्या गटांमध्ये बोलकी माणसं याच वेळी गप्प होतात, आणि एरवी गप्प असणारी आपल्या गावाबद्दल, आई-वडिलांबद्दल बोलायला लागतात. हा वेळ मी हल्ली कुठल्याही कार्यक्रमाने भरत नाही.

अर्थात हे सरोवर शांत असेल तर. शरदात ओनेगा आणि लाडोगा दोन्ही बिघडतात, लाटा नदीच्या जहाजाला झेपणार नाहीत इतक्या वाढू शकतात. प्रत्येक जहाजाला किती उंच लाटांपर्यंत सरोवरात उतरायचं याची मर्यादा ठरवून दिलेली असते. अंदाज वाईट असेल तर कॅप्टन नदीच्या तोंडाशी थांबून राहतो किंवा किझी सरळ वगळतो. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये ही शक्यता उन्हाळ्यापेक्षा जास्त, हे पैसे भरण्याआधी घरात सगळ्यांना सांगा. किझी रद्द झालं की काही प्रवासी रिसेप्शनवर जाऊन भांडतात. मी नेहमी कॅप्टनच्या बाजूने उभा राहतो. २०११ च्या जुलैमध्ये व्होल्गेच्या कुइबिशेव जलाशयात ‘बुल्गारिया’ हे प्रवासी जहाज वादळी हवेत बुडालं आणि १२२ माणसं गेली. ते जहाज निघायलाच नको होतं, इतकं त्याचं काम कच्चं होतं. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या. ‘आज जात नाही’ म्हणणारा कॅप्टन तुमच्या आई-वडिलांच्याच भल्याचं बोलत असतो. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटचा सराव असतो, त्याला दोघांनाही आणा, ‘बसल्या बसल्या कळलं’ म्हणू नका.

डोलण्याचा त्रास होणाऱ्यांनी गोळी सरोवरात शिरायच्या आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. केबिन मधल्या डेकवर आणि जहाजाच्या मधल्या भागातली मागा. वरची टोकाची केबिन महाग असते आणि हलतेही जास्त.

संध्याकाळी उजेड पटकन जातो. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास किंवा नंतर जहाज व्हितेग्राला पोचतं आणि मग दिवसातला मला सगळ्यात प्रिय भाग येतो: लॉक. ओनेगाची पातळी समुद्रसपाटीपासून ३३ मीटर, आणि आपल्याला जायचंय त्या बेलोये सरोवराची ११३ मीटर. मधले ८० मीटर जहाज सहा लॉकमधून चढतं. हा व्होल्गा-बाल्टिक जलमार्ग १९६४ मध्ये सुरू झाला. त्याआधी याच वाटेवर १८१० पासूनचा, लाकडी लॉकचा जुना कालवा होता.

पहिल्या लॉकच्या वेळी आई-वडिलांना झोपू देऊ नका. गरम कपडे घालून पुढच्या डेकवर उभं राहा. या मार्गावरची बरीच जहाजं पूर्व जर्मनीत बॉइझेनबर्गच्या गोदीत बांधलेली. त्यातली मोठी १२९ मीटर लांब आणि १६.७ मीटर रुंद. लॉकची रुंदी १७.८ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मीटर. लाल दिवा हिरवा झाला की जहाज इतकं हळू आत शिरतं की हलतंय की नाही ते भिंतीकडे पाहिल्यावरच कळतं. आत गेल्यावर थंडी एकदम वाढते. ओल्या काँक्रीटचा आणि शेवाळाचा वास येतो, भिंतीवरून पाणी ठिबकत असतं, वरच्या दिव्यांचा पिवळा झोत शेवाळावर पडतो. खलाशी भिंतीतल्या खाचेत तरंगणाऱ्या लोखंडी आकड्याला दोराचा फास टाकतो. मागचा दरवाजा बंद होतो आणि खालून पाणी यायला लागतं. पंप कुठेच नाही, वरच्या पातळीचं पाणी स्वतःच्या भाराने खाली येतं. दोर धरलेला तो आकडा पाण्याबरोबर खाचेतून वर सरकतो आणि सरकताना लांब कर्कश किंकाळीसारखा आवाज करतो. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावर असलेली भिंतीची कड छातीशी येते, मग पायाशी, आणि अचानक समोर झाडं, दिवे, लॉक सांभाळणाऱ्यांची छोटी इमारत दिसते. भिंत हाताला लागेल इतकी जवळ असते, पण हात बाहेर काढायचा नाही. खलाशी ओरडतात ते रागाने नाही.

एका गटात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. ते जेवण अर्धवट टाकून पहिल्या लॉकला वर आले आणि पहाटेपर्यंत सगळी लॉक बघूनच झोपले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी कागदावर रेघा मारून आख्ख्या टेबलाला पाण्याचा हिशोब समजावला. सगळ्यांनी इतकं जागावं असं मी म्हणत नाही. दोन लॉक पाहिली तरी पुष्कळ. पण त्या रात्री काय घडतं ते माहीत असू द्या: संध्याकाळी तुम्ही ज्या पाण्यावर जेवता ते बाल्टिक समुद्राला जाणारं असतं, आणि सहावं लॉक ओलांडून सकाळी ज्या पाण्यावर जागे होता ते व्होल्गेतून कॅस्पियनला. झोपेत तुम्ही पाणलोटाची कड ओलांडलेली असते.

त्या रात्री आकाश स्वच्छ असेल तर डेकवरचा एखादा अंधारा कोपरा शोधून तारे बघा. उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसेल अशा आशेने मात्र जाऊ नका. कधीमधी दिसतो, पण शरदात इथं ढगच जास्त.

आता तयारीचं. किझीच्या बाजूला सप्टेंबरअखेरीला दिवसा ७ ते १० अंश, रात्री त्याहून चार-पाच कमी. आकडा महाबळेश्वरच्या डिसेंबरमधल्या पहाटेसारखा वाटेल, पण डेकवरचा ओला वारा हाडात शिरतो. एक जाडजूड जॅकेट घेऊन भागत नाही. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, असे तीन थर. कारण केबिनमध्ये आणि डायनिंग हॉलमध्ये हीटर चालू असतो आणि तिथं घाम फुटतो. कानटोपी, मफलर, हातमोजे हवेतच. साडी नेसणाऱ्या आयांना मी आत थर्मल लेगिंग आणि लोकरी मोजे घालायला सांगतो. किझी आणि लॉकच्या वेळी मात्र सलवार किंवा पँटच बरी, कारण जहाजातले जिने उभे असतात आणि धक्क्यावर चढता-उतरताना पायघोळ कपडा अडकतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट घ्या.

शाकाहाराचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि ‘मांसाच्या पाण्यातलं सूपही नको’ हे वेगळं लिहा. कोबीचं किंवा बीटचं सूप तिथं बहुतेक वेळा मांसाच्या रश्श्यातच शिजवतात. काळा राई-ब्रेड, लोणी, बटाटा, कोबी, काकडी, मशरूम, आपल्या ताज्या छेन्याच्या जवळचा त्वोरोग, ताकासारखा केफिर आणि गरम कुट्टूचा भात यावर शाकाहारी माणसाचं नीट भागतं. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं असेल तर कुणी तक्रार करत नाही. पुढे गोरित्सीच्या धक्क्यावर ताज्या क्रॅनबेरी, लिंगनबेरी आणि माळांमध्ये ओवलेले सुके मशरूम घेऊन बायका बसतात. हा शरदातला खास मेवा, थोडा तरी घ्या.

पैशांचं आधी जमवा. २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथं चालत नाहीत, त्यामुळे रोख न्यावी लागते. भारतीयांना २०२३ पासून ई-व्हिसा मिळतो. किती दिवस राहता येईल याचा सध्याचा नियम आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना तिकीट काढण्याआधी वाचून घ्या. बहुतेक जहाजांवर डॉक्टर असतो, पण किझीहून सगळ्यात जवळचं मोठं शहर पेत्रोझावोद्स्क, पाण्याने ६८ किलोमीटर. नियमित औषधं दुप्पट आणि दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत असू द्या, विमा घेतल्याशिवाय निघू नका.

आणखी एक जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही, ती किझीच्या दिवसातली नसली तरी. प्रवासाच्या शेवटी उग्लिच सोडलं की काल्याझिनजवळ नदीच्या मधोमध एक ७४ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. १८०० साली बांधलेला. १९४० मध्ये उग्लिचचं धरण भरलं तेव्हा जुन्या गावाचा मोठा भाग बुडाला आणि हा उरला. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना तो पाहताना फार काही समजावून सांगावं लागत नाही. १५व्या शतकात त्वेर शहराचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी व्होल्गेने खाली निघाला तेव्हा काल्याझिनच्या मठात आशीर्वाद घेऊन पुढे गेला. तो पुढे इराणमार्गे समुद्र ओलांडून चौलला उतरला, तिथून जुन्नरला गेला, पावसाळा तिथेच काढला. विकायला आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. मग तो बिदरला गेला. वास्को द गामा यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ज्या मठात तो थांबला होता तो त्याच जलाशयापायी गेला. चौल-जुन्नरकडचे प्रवासी गटात असले की मी त्यांना त्या वेळी आवर्जून डेकवर बोलावतो. शरदात काठावरची झाडं पिवळी झालेली असतात आणि पर्यटकांची इतर जहाजं विरळ, त्यामुळे त्या मनोऱ्याकडे बघत बसायला जागाही मिळते.

एजंटला विचारायचे प्रश्न हे: जहाज सेंट पीटर्सबर्गहून निघतंय ना? हवामानामुळे किझी वगळलं तर त्याऐवजी कुठं थांबणार, आणि ते करारात लिहिलंय का? केबिन कुठल्या डेकवर, खिडकी उघडते का, हीटर सुरू असेल का? शाकाहारी जेवण लेखी मान्य आहे का? धक्क्यावर जहाजं एकमेकांना लागून उभी राहिली तर दुसऱ्या जहाजातून चालत जावं लागतं, तिथे वयस्कर माणसांना हात द्यायला कोणी असतं का? जहाजावर पोचलात की रिसेप्शनवरून लॉकच्या अंदाजे वेळा लिहून घ्या. त्या कार्यक्रमपत्रिकेत नसतात, पण विचारल्या की सांगतात. व्हितेग्राच्या रात्री जागता यावं म्हणून त्या दिवशी दुपारीच एक झोप काढायला आई-वडिलांना भाग पाडा.